बजरंगबलीला नेमकं कोण हवं होतं?

११ फेब्रुवारी २०२०. दिल्ली विधानसभेचा निकाल. ७० पैकी ६२ जागा खिशात घालून अरविंद केजरीवाल व्यासपीठावर आले आणि म्हणाले, आज मंगळवार, हनुमानजींचा वार, त्यांनी दिल्लीवर कृपा केली. कार्यकर्त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वार खरोखरच मंगळवार होता.

पाच वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०२५ ला, पुढचा निकाल लागला. भाजप ४८, ‘आप’ २२. खुद्द केजरीवाल नवी दिल्लीत ४,०८९ मतांनी पडले. वार शनिवार.

शनिवारही मारुतीचाच की हो!

देव तोच, देवळं तीच, मतदारही बहुतेक तेच. मग कौल कसा फिरला? दिल्लीतल्या राजकीय पंडितांकडे उत्तर तयार असतं: मतदार धर्म बघून मत देतो. निकाल उलटा लागला की दुसरं उत्तर तयार असतं: मतदार धर्माला कंटाळला. पंडित मात्र कधीच कंटाळत नाहीत.

आकडे हवेत? घ्या. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेनं नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात जवळपास ३०,००० भारतीयांना प्रश्न विचारले. २०१९ च्या लोकसभेला मतदान केलेल्या हिंदूंपैकी ४९ टक्क्यांनी भाजपला मत दिल्याचं सांगितलं. ‘खरा भारतीय असायला हिंदू असणं आणि हिंदी बोलणं, दोन्ही फार महत्त्वाचं’ असं मानणाऱ्यांत हेच प्रमाण ६० टक्के निघालं. दोन्हींचा एवढा आग्रह नसलेल्यांत ३३. म्हणजे संबंध आहे. नाही म्हणणाऱ्यानं डोळे मिटलेत.

पण प्रश्न नीट वाचा. पूजा किती वेळ करता, उपास किती धरता, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. या घराचा मालक कोण, हे विचारलं होतं.

आणि गंमत बघा. हे पाहणीवाले वह्या घेऊन देशभर हिंडत होते त्याच हिवाळ्यात दिल्लीकर ‘आप’ला ६२ जागा देऊन मोकळा झाला. त्याआधी जेमतेम नऊ महिने, मे २०१९ मध्ये, याच दिल्लीकरानं लोकसभेच्या सातही जागा भाजपला दिल्या होत्या, त्याही जवळपास ५७ टक्के मतांनी. विधानसभेला भाजपची गाडी साडेअडतीस टक्क्यांवर अडली. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये लोकसभेला ७-०, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये विधानसभेला ‘आप’ ६७, भाजप ३.

नऊ महिन्यांत मूल जन्माला येतं. धर्म बदलत नाही.

मग या साडेअठरा टक्क्यांनी मधल्या काळात काय केलं? देव्हारा अडगळीत टाकला? हिमालयात गेले? काही नाही. त्यांनी वीजबिल पाहिलं. शून्य रुपये. २०० युनिटपर्यंत वीज फुकट, बाईमाणसाला बसप्रवास फुकट. लोकसभेला देशाचा देव, विधानसभेला मीटरचा देव. दिल्लीकराची ही अद्वैतसिद्धी आचार्यांनाही जमली नसती.

आमचं म्हणणं एवढंच. श्रद्धा मतदाराला कोणाला मत द्यायचं ते फारसं सांगत नाही. कोणाला द्यायचं नाही, ते मात्र ठणकावून सांगते. धर्म हा गेटपास आहे. तो नसेल तर चौकीदार आत सोडत नाही. असला म्हणजे आत खुर्ची मिळेलच असं नाही.

केजरीवालांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. २०२० च्या प्रचारात एका वाहिनीवर विषय निघाला, त्यांनी कॅमेऱ्यासमोर हनुमान चालिसा म्हटली. मतदानाच्या आदल्या दिवशी कॅनॉट प्लेसच्या हनुमान मंदिरात सपत्नीक हजर. त्यावर भाजपचे तेव्हाचे दिल्ली प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी काय म्हणाले? ज्या हातानं जोडे काढले त्याच हातानं फुलं वाहिली!

वाहिली हे तर मान्य केलं ना? गेटपासवर शिक्का बसला.

पलीकडे भाजपचा प्रचार शाहीनबागेत नागरिकत्व कायद्याविरुद्ध चाललेल्या धरण्याभोवती. बाबरपूरच्या सभेत अमित शहा म्हणाले, बटण एवढ्या रागानं दाबा की करंट शाहीनबागेत बसला पाहिजे. बटण दाबलं गेलं. बाबरपूर ‘आप’कडे गेलं. शाहीनबाग ज्या ओखल्यात येते तिथं ‘आप’चे अमानतुल्ला खान ७१,८२७ मतांनी निवडून आले. करंटचा उलटा झटका.

प्रक्षोभक बोलल्याबद्दल निवडणूक आयोगानं अनुराग ठाकूर यांना ७२ तास आणि परवेश वर्मा यांना ९६ तास प्रचारबंदी घातली होती. फार कडक शिक्षा. पाच वर्षांनी केजरीवालांना पाडणारे उमेदवार हेच परवेश वर्मा. आता मंत्री आहेत.

निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत ईशान्य दिल्लीत दंगल झाली. ५३ माणसं मेली. नुकतेच ६२ जागांवर निवडून आलेले हनुमानभक्त तेव्हा कुठे होते, असं त्या वस्त्यांतले लोक अजून विचारतात.

गेटपास जपायचा तर कधीकधी तोंड बंद ठेवावं लागतं.

हा पास जपणं किती महागात पडतं ते पाहायचं तर ऑक्टोबर २०२२ आठवा. आपल्याकडच्या वाचकाला हे प्रकरण जास्त लागेल. विजयादशमीचा दिवस, दिल्लीतलं आंबेडकर भवन, हजारोंची बौद्ध धम्मदीक्षा. व्यासपीठावर ‘आप’ सरकारचे मंत्री राजेंद्र पाल गौतम. तिथं बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिल्या त्याच, दीक्षाभूमीवर दरवर्षी म्हटल्या जातात त्याच. भाजपनं हिंदू देवतांचा अपमान झाल्याचा गिल्ला केला. गुजरातची निवडणूक तोंडावर. चार दिवसांत गौतम यांचा राजीनामा आला.

त्याच वर्षी जानेवारीत केजरीवालांनी जाहीर केलं होतं, दिल्ली सरकारच्या कचेऱ्यांत दोनच तसबिरी लागतील: भगतसिंग आणि बाबासाहेब. तसबीर भिंतीवर राहिली. प्रतिज्ञा घराबाहेर.

आणि राजीनाम्याला तीन आठवडे व्हायच्या आत, २६ ऑक्टोबरला, केजरीवालांनी मागणी केली: नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा, अर्थव्यवस्थेला आशीर्वाद मिळेल. पाठोपाठ गुजरातचा निकाल लागला. भाजप १५६, ‘आप’ ५. लक्ष्मी-गणपतीनं नोट बघितली असावी, मत नाही.

पुढे २०२४ च्या जानेवारीत, अयोध्येच्या सोहळ्याच्या आधी, ‘आप’नं दिल्लीभर सुंदरकांड पाठ लावले. वर्षअखेरीस पुजारी आणि ग्रंथींना महिना १८,००० रुपयांचं आश्वासन. नोंदणीचा मुहूर्त कुठे? काश्मिरी गेटजवळच्या मरघटवाले बाबांच्या हनुमान मंदिरात. त्याच सुमाराला वक्फ बोर्डाचे इमाम केजरीवालांच्या घराबाहेर उभे होते. का? म्हणे सतरा महिने पगार नाही.

जुन्यांचा पगार थकलेला, नव्यांची भरती सुरू. कुठल्या धर्माचा अपमान झाला म्हणायचा?

भाजपनं केजरीवालांना ‘चुनावी हिंदू’ म्हणून पोस्टर लावलं. चांगलं होतं पोस्टर. फक्त बिगर-चुनावी हिंदू कोण, त्याचा फोटो शेजारी लावायचा राहिला.

२०२५ ला तर सगळ्यांच्याच खिशात पास होते. मग भांडण कशावर झालं? महिलांना महिना किती, यावर. ‘आप’ म्हणाली २,१००. भाजप म्हणाला २,५००, शिवाय होळीला आणि दिवाळीला एकेक सिलिंडर मोफत. सण पण आला, गॅस पण आला. काँग्रेसनंही २,५०० सांगितले होते. त्यांना मिळाल्या शून्य जागा. इथे आमचा सिद्धांत जरा लंगडतो. असो, दिल्लीत काँग्रेससाठी सिद्धांत मांडणारा अजून जन्माला यायचाय.

तसा हा प्रकार जुनाच. बाबरी पडल्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, दिल्लीनं भाजपला ७० पैकी ४९ जागा दिल्या. लाट, लाट म्हणतात ती हीच. मग पाच वर्षांत काय झालं? मदनलाल खुराना, साहिबसिंग वर्मा, सुषमा स्वराज असे तीन मुख्यमंत्री झाले आणि कांदा पन्नास-साठ रुपये किलो झाला. १९९८ ला काँग्रेस ५२, भाजप १५. चातुर्मासात कांदा वर्ज्य असतो, हे खरं. पण मतदान नोव्हेंबरात होतं. तोवर चातुर्मास संपला होता.

राममंदिराची लाट आमच्या लासलगावच्या कांद्यानं अडवली, याचं श्रेय मात्र नाशिक जिल्ह्याला कोणी दिलं नाही.

‘हिंदूंचं ठीक आहे, पण मुसलमान तर इमामाच्या सांगण्यावरून मत देतात.’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात असतंच. बघू या. १९७७ ला जामा मशिदीचे शाही इमाम अब्दुल्ला बुखारी जनता पक्षाच्या बाजूनं उभे राहिले, काँग्रेस दिल्लीत सातही जागा हरली. काय वजन इमामाचं! पण त्याआधी आणीबाणीत, १९७६ च्या एप्रिलमध्ये, तुर्कमान गेटला बुलडोझर फिरला होता आणि नसबंदीची पथकं गल्लोगल्ली हिंडत होती. तेव्हा लोकांना सांगायला इमाम लागत होता?

२००४ ला त्यांच्या चिरंजीवांनी, अहमद बुखारींनी, वाजपेयींच्या बाजूनं आवाहन केलं. दिल्लीत भाजपला सातांपैकी एक जागा मिळाली. २०१४ ला काँग्रेससाठी आवाहन केलं. काँग्रेसला शून्य. २०१५ ला मतदानाच्या आदल्या दिवशी ‘आप’ला पाठिंबा जाहीर केला. ‘आप’नं तो हात जोडून परत पाठवला आणि ६७ जागा जिंकल्या.

पाठिंबा नाकारणं हाच सर्वात मोठा पाठिंबा ठरला.

त्याच निवडणुकीत सिरशाच्या डेरा सच्चा सौदानं भाजपला पाठिंबा दिला होता. आले तीन. डेऱ्याचे प्रमुख बाबा बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगतायत. पण पॅरोलचं पंचांग पक्कं आहे. हरयाणाचं मतदान ५ ऑक्टोबर २०२४ ला, बाबा त्याच आठवड्यात बाहेर. दिल्लीचं मतदान ५ फेब्रुवारी २०२५ ला, बाबा २८ जानेवारीला बाहेर. योगायोग. श्रद्धाळू माणसानं योगायोगावर विश्वास ठेवायचा असतो.

तर मुसलमान मतदार करतो काय? जो भाजपला पाडेल त्याला मत देतो. आधी काँग्रेस, मग ‘आप’. हा गेटपासाचाच नियम, फक्त उलटीकडून: कोणाला द्यायचं नाही, ते पक्कं. आणि हिशेब चुकला की चुकतो. मुस्तफाबाद, २०२५: ‘आप’ला ६७,६३७ मतं, ओवेसींच्या पक्षाकडून तुरुंगातून लढलेल्या ताहीर हुसेनना ३३,४७४. भाजपचे मोहनसिंग बिष्ट १७,५७८ नं विजयी. निवडून आल्याबरोबर बिष्टांनी पहिला संकल्प कोणता सोडला? गटारं? शाळा?

मुस्तफाबादचं नाव बदलून शिवपुरी किंवा शिवविहार करायचा.

गटाराचं नाव तेच राहील.

शिखांकडेही पाहून घेऊ, नाहीतर रागवायचे. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीनंतर दिल्लीचा शीख काँग्रेसला विसरणार नाही, असं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. नेत्यांची स्मरणशक्ती मात्र वेगळी. अरविंदर सिंग लवली शीला दीक्षितांच्या मंत्रिमंडळात होते. २०१७ ला भाजपमध्ये गेले, २०१८ ला काँग्रेसमध्ये परतले, प्रदेशाध्यक्ष झाले, २०२४ ला पुन्हा भाजपमध्ये. आता भाजपचे आमदार. मनजिंदर सिंग सिरसांनी डिसेंबर २०२१ मध्ये गुरुद्वारा समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी अकाली दलातून भाजपमध्ये. आता दिल्लीत मंत्री. आणि शीखच कशाला, ‘आप’चे कैलाश गेहलोत १७ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिपद सोडून बाहेर पडले, १८ ला भाजपमध्ये.

यमुना ओलांडून नोएडात या. तिथं उत्तर प्रदेशचा कायदा. धर्म बदलायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्याला ६० दिवस आधी लेखी कळवावं लागतं, मग चौकशी: जबरदस्ती झाली का, आमिष दाखवलं का? पक्ष बदलायला एक रात्र पुरते. आमिष होतं का, असं कोणी विचारत नाही. विचारायची गरजच काय?

नोएडा म्हटल्यावर आणखी एक सांगायला हवं. मतदार अंधश्रद्ध, असं म्हणण्याचा नेत्यांना काय अधिकार? जो मुख्यमंत्री नोएडात पाऊल ठेवतो त्याची खुर्ची जाते, असा समज उत्तर प्रदेशात १९८८ पासून. वीरबहादूर सिंग गेले, खुर्ची गेली. मायावती २०११ ला गेल्या, २०१२ ला हरल्या. ऑस्ट्रेलियात शिकलेले पर्यावरण अभियंते अखिलेश यादव पाच वर्षं मुख्यमंत्री होते, नोएडात फिरकले नाहीत, उद्घाटनं लखनौहूनच. २०१७ ला हरले. भगवे योगी आदित्यनाथ डिसेंबर २०१७ मध्ये मेट्रोसाठी बेधडक आले आणि २०२२ ला पुन्हा निवडून आले.

अपशकुन खोटा पाडणारा एकच निघाला, तोही महंत.

‘पण कायदा आहे ना?’ आहे की. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३(३): धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. हे कलम गाजवण्याचा मान आपल्या मुंबईचा. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द, बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षं गेला. पण १९९५ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयानं प्रभूंविरुद्ध निकाल दिला त्याच दिवशी, मनोहर जोशींच्या खटल्यात तेच न्यायालय म्हणालं, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे म्हणणं म्हणजे मत मागणं नव्हे, आशा व्यक्त करणं आहे.

तेव्हापासून देशात आशावाद फार वाढलाय.

जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन असा निकाल दिला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही पुढे करून मत मागता येणार नाही. तो खटलाही सांताक्रूझचाच. निकाल दिल्लीत लागला, पण दिल्लीच्या गल्ल्यांपर्यंत पोचायला त्याला बहुधा वाहतूक कोंडी लागली.

आता नवं सरकार आलंय. २० फेब्रुवारी २०२५ ला रेखा गुप्ता यांनी रामलीला मैदानावर शपथ घेतली. केजरीवालांनीही तिन्ही वेळा तिथंच घेतली होती. पक्ष कुठलाही असो, प्रयोग रामलीलेतच. जूनमध्ये नव्या सरकारनं कावड समित्यांना ५० हजारांपासून १० लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं, थेट बँक खात्यात, शिवाय १,२०० युनिटपर्यंत वीज मोफत. केजरीवाल घरटी २०० देत होते. भोलेनाथाला सहापट.

याला रेवडी म्हणायचं नाही. रेवडी दुसऱ्याच्या हातात असते. आपल्या हातात असतो तो प्रसाद.

राहता राहिली यमुना. पूर्वांचली बाया दर छठला कमरेइतक्या फेसाळ पाण्यात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देतात. ही खरी श्रद्धा, कॅमेरा नसला तरी होते. जानेवारी २०२५ मध्ये केजरीवाल म्हणाले, हरयाणानं पाण्यात विष कालवलं. हरयाणाचे मुख्यमंत्री नायबसिंग सैनी तडक दिल्लीच्या पल्ला गावी आले, यमुनेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडाला लावलं. ‘आप’चं म्हणणं, गिळलं नाही, थुंकलं. आचमन की चूळ, यावर दिल्ली दोन दिवस भांडली. पाणी साफ कोण करणार, ते विचारायला कोणाला उसंत मिळाली नाही.

तेव्हा, वाचकहो, निवडणूक दिल्लीची असो वा आपल्या गल्लीची, दारात कोणी प्रसाद घेऊन आलं तर नाही म्हणू नका, देवाचा आहे. फक्त तो जाहीरनाम्याच्या कागदात बांधून दिला असेल तर आधी कागद वाचा, प्रसाद मग खा.